म्हातारीने खाल्लं

तांबडं घमेलं, तळापर्यंत चाटलेलं.

खुराकाच्या मिक्सरच्या पात्याला चिकटलेलं सरकीचं टरफल.

म्हातारीचं रवंथ. एका लयीत, डोळे अर्धे मिटून.

“भाऊजी, वासरं तुमच्यापेक्षा गुटगुटीत दिसायला लागली हो!”

उघडा डोळा. त्यावर माशी. पापणी हलत नाही.

*

तो डोळा दांडगोबाचा. गोठ्यातलं सगळ्यांत भरलेलं वासरू. सकाळी वहिनी दुधाची बादली घेऊन गेल्या, तर ते आडवं. ना हगवण, ना ताप. काल संध्याकाळी त्याने शेजारच्या वासराच्या घमेल्यातही तोंड घातलं होतं.

वासरं वहिनींकडे आणि खुराक मिसळायचं काम धाकट्या दिराकडे, अशी त्या घरातली वाटणी. सोयापेंड मिळेनाशी झाली तेव्हा दोघांनी डोकं लावलं. प्रथिनं तर हवीतच, मग सरकीची पेंड का नको? गाई रोज खातातच की.

तरी त्यांनी घाई केली नाही. त्या गोठ्याचा नियमच होता, नवं काही आलं की आधी म्हातारीला. म्हातारी म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत जुनी गाय. तिला मानवलं की मग बाकीच्यांना. म्हातारीने सरकीची पेंड खाल्ली, रवंथ केलं, शेपूट हलवलं. पास.

*

“आत काय दिसलं?” दिराने विचारलं.

गुरांचे डॉक्टर दांडगोबाची चिरफाड करून हात धूत होते. “हृदय सुजून मऊ पडलंय. छातीत पाणी. खायला काय घालता?”

“चांगलंच घालतो. सरकीची पेंड आहे त्यात.”

साबण डॉक्टरांच्या हातातून निसटला. “वासरांना?”

“म्हातारीला आधी घालून बघितली ना! तिला काही झालं नाही.”

“होणारच नाही. तिच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात त्या विषाचा जोर मोडतो. गॉसिपॉल म्हणतात त्याला. दूध पिणाऱ्या वासराचा तो कप्पा अजून तयारच नसतो, सगळं थेट रक्तात. वाटाणा चालला असता, जवसाची पेंड थोडी चालली असती. पण ही...”

दिराने म्हातारीकडे पाहिलं. “म्हणजे आम्ही परीक्षा घेतली ती...”

“जी नापास होऊच शकत नव्हती, तिची.”

वहिनी मग एकदम म्हणाल्या, “जास्त खाणारं आधी जातं का, डॉक्टर?”

“बहुतेक.”

दांडगोबाच्या खालोखाल खाणारी ठिपकी. कपाळावर पांढरा ठिपका, वहिनींचा पदर चघळायची खोड. ती कुंपणाच्या आत, पार त्या टोकाला उन्हात बसली होती.

“ती वाचेल ना?”

“खुराक आत्ता बंद. सांगता येत नाही, हृदयाला लागलंय ते लागलंय. एकच करा, तिला धावू देऊ नका. दचकवू नका. उड्या नकोत.”

शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनी फाटकातून आत शिरल्या होत्या. ठिपकीच्या वाट्याचं घमेलं फाटकाजवळ होतं, अर्धं भरलेलं. ते बाहेर काढायला त्यांनी उचललं. घाईत घमेल्याची कडी फाटकाच्या लोखंडावर आपटली.

खण्ण.

“वहिनी, नको!” दीर ओरडला.

रोज खुराकाच्या वेळी हाच आवाज. या आवाजाचा अर्थ ठिपकीला पाठ होता. ती उठली, शेपूट वर करून चौखूर उधळली, थेट वहिनींच्या दिशेने.

अर्ध्या वाटेत तिचे पुढचे पाय दुमडले.

घमेलं वहिनींच्या हातातच होतं. डॉक्टर धावले, गुडघे टेकून बरगड्यांना कान लावला, ठोका सापडेना, तरी तो बराच वेळ उचलला नाही. दीर नुसताच “ए ठिपके, ए ठिपके” म्हणत राहिला.

पलीकडे म्हातारी रवंथ करत होती.

*

पहिल्या दिवशी ठिपकीने सरकीच्या त्या खुराकाला तोंड लावलं नव्हतं; वहिनींनी बोटाला उसाची गोड मळी लावून तिला तो चाटायला शिकवला.