वर चढलेला दगड

या, असे जवळ सरकून बसा. मोबाइल जरा पालथा ठेवा. आज तुम्हाला डोंगर चढलेल्या एका दगडाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आहे आपल्या विद्यानगरातल्या आबासाहेबांची.

आबासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. सिकंदराबादच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये बत्तीस वर्षं रूळ सांभाळले. कीर्तन म्हटलं की भरलं ताट बाजूला सारणारा माणूस! त्यांची मुलगी रेणुका गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करते. लडाखात असे काही उतार आहेत, की वरून पाहावं तर नुसता दगडगोट्यांचा ढीग, आत मात्र बारमाही बर्फ. तो अख्खा उतार मुंगीच्या पावलानं खाली सरकत असतो. अशाच एका उतारावर साठ मुलींचं वसतिगृह बांधायचं घाटत होतं. "खोल्यांची ऊब लागली की आतला बर्फ वितळेल आणि भिंती दुभंगतील," असं रेणुका ठासून सांगत होती.

पुरावा हवा म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं तिथं उशीएवढे अकरा दगड लाल रंगवून एका सरळ ओळीत मांडले होते. टेप धरायला आबासाहेब हौसेनं सोबत गेले होते. यंदा त्या ओळीचे नवे फोटो आले, आणि शनिवारी सकाळी रेणुका घरूनच लॅपटॉपवर वसतिगृह समितीच्या बैठकीला बसली.

आबासाहेब चहा घेऊन आत आले तेव्हा पडद्यावर सुरेश नावाचे इंजिनिअर हसत होते. वसतिगृहाचा नकाशा त्यांचाच.

"क्या मॅडम! दस पत्थर नीचे आए, एक ऊपर कू चढ गया? घूमने निकला था क्या?"

अध्यक्ष सत्यवती मॅडम हसल्या नाहीत. "रेणुका, एक माप असं उलटं आलं तर बाकीच्या दहांवर विश्वास कसा ठेवायचा? खुलासा नसेल तर मला बांधकामाला मंजुरी द्यावी लागेल."

"दगड आपणहून वर जात नाही, मॅडम. कुणीतरी उचललाय."

"कुणी? त्या उतारावर फिरकतं कोण?"

आबासाहेबांनी पडद्यावरचा फोटो पाहिला आणि ते जागीच थबकले. दोन वर्षांपूर्वी परतताना त्यांचाच बूट त्या दगडाला लागला होता. शेंदरासारखा लाल, आणि असा पायाखाली! मोजून झालंय, आता काम संपलं, असं समजून त्यांनी तो उचलला, चार पावलं वर नेऊन ठेवला आणि हात जोडले होते.

बोलावं तर पोरीचं हसं होणार, बापाला सहलीला नेलं म्हणून. गप्प बसावं तर साठ मुली त्या सुटणाऱ्या जमिनीवर निजणार. आबासाहेबांनी कप खाली ठेवला आणि सरळ खुर्ची ओढली.

"नमस्कार. मी रेणुकाचा बाप. तो दगड मी हलवला."

"आबा!" रेणुका ओरडलीच. "दोन वर्षं पोटात ठेवलंत?"

"पोटात कशाला ठेवीन, पोरी? पाप वाटलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. मला ते पुण्य वाटलं!"

"अरे काका," सुरेश म्हणाले, "बेटी को बचाने कू बोल रे तुम. सबूत क्या है?"

"फोटो मोठा करा, साहेब. दगडाच्या खालच्या अंगाला दोन चपट्या दगडी चिपा ठोकलेल्या दिसतील. बत्तीस वर्षं रुळाखाली खडी ठोकलीय. घरंगळेल असं काही ठेवायची या हातांना सवयच नाही."

रेणुकानं फोटो मोठा केला. दोन चिपा, शेजारी शेजारी, घट्ट बसवलेल्या. बाकीच्या दहा दगडांखाली तसं काहीच नव्हतं.

"हा दगड वगळा," सत्यवती मॅडम म्हणाल्या. "उरलेले दहाच्या दहा खाली आलेत, तेवढं पुरे. वसतिगृह पलीकडच्या कातळावर जाईल. सुरेश, नवा नकाशा काढा. आणि रेणुका, ही चूक अहवालात लिहायची. जबाबदारी तुमची."

"लिहिते, मॅडम. आबांच्या नावासकट."

"लिही, लिही," आबासाहेब म्हणाले. "आडनाव चुकवू नकोस."

सुरेश पुन्हा हसले, पण आता मोकळं. "काका, अगली बार दर्शन दूर से लेना!"

पुढच्या थंडीत त्या मुली कातळावरच्या नव्या खोल्यांत राहायला येतील. मंडळी, दिवेलागणीला हात जोडाल तेव्हा त्या साठ जणींची आठवण असू द्या. आबासाहेब रोज ठेवतात.