रिकाम्या हाताचा फेरा

"तो कोयता पहिला खाली ठेवा," मी उंबऱ्यातच आडवी झाले. "नायतर आज घराबाहेर पाय टाकू देनार नाय."

"अगं, एका कोयत्याचं काय वजन पडतंय?"

"ती पोर काय बोलली? रिकाम्या हातांनी चालायचं. रिकाम्या!"

"ती ऱ्हाते खारघरला. तिला काय ठावं? आपल्या नेरे गावात बाप्या मानूस रिकाम्या हातांनी रस्त्यानं फिरला तं लोकं काय बोलतील? कुठं चाललास विचारलं तं काय सांगू, हवा खायला? मी काय फार्महाऊसवाला हाय?"

असं आमचं रोज सकाळचं भांडन. आता तुमीच सांगा, ज्याची छाती उभी फाडलेली, त्याच्याशी बायकोनं भांडायचं तरी किती? जरा आवाज चढवला का मलाच धडधडायचं.

भाताची लावनी आटपली आनि आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. चिखलातच बसले. खारघरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं छातीचं हाड मधोमध कापलं, हृदयाचं काम केलं आनि हाड तारेनं बांधून टाकलं. तारेनं! कुंपनाला बांधतो तसं.

घरी सोडताना तिथल्या व्यायाम शिकवनाऱ्या पोरीनं, रिया तिचं नाव, आमाला समोर बसवून समजावलं.

"काका, हाड जुळेपर्यंत काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. खोकला आला की ही उशी छातीशी घट्ट धरायची. पण झोपूनही राहायचं नाही हां. रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं. आणि चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली, तर स्पीड जास्त झाला. थांबायचं."

"बोलायचं कोनाशी?" ह्यांनी विचारलं.

"काकूंशी बोला ना!"

हे माझ्याकडं बघून असे हसले, जशी काय तिनं लई मोठी गंमत केली. लगीन झाल्यापासनं हा मानूस रस्त्यानं पुढं आनि मी मागं. बोलनं सगळं घरात, ते पन आमटीत मीठ कमी हाय एवढंच.

तरी पहिले काही दिवस बरे चालले. आमची सई, गव्हाणला दिलेली लेक, ती पांढरे बूट घेऊन आली. ते घालून हे मारुतीच्या देवळापासनं नदीकडं निघायचे. पन देवळाच्या पारावर दयाराम बसलेला असायचा. ह्यांचा चुलतभाऊ. मनानं वाईट नाय, पन जिभेला हाड नाय मेल्याच्या.

"काय काशिराम, बूट घालून कुठं?"

"कुठं नाय. चालतोय."

"चालतोय? कशाला?"

आता ह्याला काय सांगायचं? आमच्यात मानूस चालतो तो शेतावर जायला, नायतर दळन आनायला. नुसता जाऊन नुसता परत आला, म्हंजे एक तर येडा, नायतर रिकामटेकडा. पारावरची सगळी हसली. घरी येऊन ह्यांनी बूट पलंगाखाली लोटले ते लोटलेच.

दुसऱ्या दिवसापासनं चपला, आनि हातात कोयता. कोयता असला का कोनी विचारत नाय. मग एक दिवस कोयत्यासंगती दोरी गेली. मी म्हशीचं शेन भरत व्हते, मान वर केली तं हे दारात! डोक्यावर हिरव्या गवताचा भारा, दोनी हात वर, आनि तोंडावर हसू. किती दिवसांनी हसले व्हते! मी वरडनार व्हते, पन ते हसू बघून मी मुकाट भारा उतरवून घेतला.

दोन-तीन दिवसांत खोकला आला. मी उशी घेऊन धावले. तेवढ्यात छातीत कट् करून वाजलं. मला ऐकू आलं, खोटं नाय सांगत. हे माझ्याकडं बघत ऱ्हायले, पोरानं काय तरी फोडावं आनि आईकडं बघावं तसे.

परत खारघर. रियानं छातीवर हात ठेवला, हळूच खोकायला सांगितलं. तिचा चेहराच उतरला. आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली.

"हाड हललंय, काका," त्यांनी तपासल्यावर ती बोलली. "नशीब, परत ऑपरेशन नाही लागत. पण आता सगळं पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत तुम्ही मस्त कामाला लागला असता हो! काय उचललं होतं?"

"गवत," हे बोलले.

"एवढं अर्जंट होतं?"

म्हशीला गवत कमळी आनून टाकत व्हती, आमच्या मागच्या वाडीवरची. गवताचा काय खोळंबा नव्हता. लाज आड आली, दुसरं काय! पन हे ती पोर कशी समजनार? मला एवढा राग आला का तिथंच रडले.

मग कापनी आली. मी आनि कमळी कापत व्हतो, हे बांधावर उशी मांडीवर घेऊन बसलेले. दिवाळीच्या तोंडावर कापलेलं भात शेतात पसरलेलं, कडकडीत वाळलेलं, आनि दुपारी डोंगरावर काळं आभाळ भरून आलं. सगळ्या गावाची धावाधाव. कोन कोनाला बोलावनार? ज्याचं त्याचं भात पडलेलं. मी आनि कमळी भारे बांधाय लागलो. बघते तं हे शेतात उतरलेले. वाकले, भाऱ्याला हात घातला.

"उचलाल तं माझं मेलेलं तोंड बघाल!" मी एवढ्या जोरात वरडले का कमळीच्या हातातली दोरी पडली.

ह्यांनी हात काढला. दोनी हात काखेत घालून उभे ऱ्हायले. पाऊस आला. आमच्या दोघींच्यानं किती व्हनार? निम्मं-अर्धं पडवीत पोचलं, बाकी सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत भिजलं. हे तसेच उभे. मी आडोशाला चला बोलले, तं हे बोलले, "मला कशाला आडोसा? मी काय भात हाय?"

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पन शेतात पानी साचलेलं. भिजलेलं भात उचलून पडवीत पसरलं नाय तं त्याला मोड येनार. कमळीला ताप भरलेला. मी एकलीच निघाले. पहिला भारा डोक्यावर घेऊन बांध उतरले, तं समोर हे. पायात सईचे पांढरे बूट. हात रिकामे.

"चल," हे बोलले. "तुझ्या बरोबरीनं येतो."

"गावातनं? मी भारा घेऊन आनि तुमी असे?"

"असाच."

निघालो. हे माझ्या बाजूनं चालत व्हते आनि बोलत व्हते. दम लागतो का बघायला बोलायचं ना! काय काय बोलले! त्यांच्या आईला मी पहिल्यांदा केलेली भाकरी आवडली व्हती, पन तिनं मला कवाच सांगितलं नाय, ते सांगितलं. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. घडीत मागं बांधायचे, घडीत सोडायचे.

देवळापाशी आलो. पारावर दयाराम. त्यानं ओला भारा बघितला, माझी वाकलेली मान बघितली, मग ह्यांचे रिकामे हात.

"वा रे काशिराम! बायको हमाल, आनि तू मुकादम!"

ह्यांचा पाय अडखळला. ह्या एका वाक्याच्या धाकानं तं सगळं झालं व्हतं. मला वाटलं, आता हे भाऱ्याला हात घालनार. मी दोनी हातांनी भारा दाबून धरला. ओल्या पेंढ्याचं पानी गळत व्हतं, घाम डोळ्यात उतरून चुरचुरत व्हता, समोरचं दिसंना.

"व्हय," हे बोलले. "मुकादम."

आनि खांद्यावरचा टावेल काढून त्यांनी माझ्या कपाळाकडं हात नेला. हात वर जाताना छातीत ओढ बसली, ते मला त्यांच्या डोळ्यात दिसलं. "थांबा," मी बोलले, आनि भाऱ्यासकट मीच गुडघ्यात वाकले. भर रस्त्यात ह्यांनी माझं तोंड पुसलं. दयाराम दुसरीकडं बघाय लागला.

मी उठले. गुडघे कुरकुरले. भारा माझ्याच डोक्यावर व्हता, आनि शेतात अजून लई पडले व्हते. चार पावलं गेलो तं ह्यांचं बोलनं बंद.

"बोला ना," मी बोलले. "गप का झाले? दम लागला?"

"नाय गं," हे बोलले, आनि चालता चालताच रडाय लागले.

माझे दोनी हात भाऱ्याला. टावेल त्यांच्याच हातात व्हता.