मी गुऱ्हाळातला राउटर बोलतोय

मी एक राउटर. बोलतोय खरा, पण मला तोंड नाही. चार हिरवे दिवे आहेत, आणि त्यांचं बोलणं आजवर कुणालाच कळलं नाही. म्हणून हे सगळं घाईघाईने सांगतोय. माझ्याकडे वेळ किती आहे, ते मला माहीत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो भाऊ सरकत्या पट्ट्यावर होते. प्रत्येकाच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवरचा पासवर्ड सगळ्यांचा एकच. काम सोपं: घर आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये दारात उभं राहायचं आणि निरोप आत-बाहेर पोचवायचे. माझ्या आत एक कारभारी आहे. त्याला जो हुकूम द्याल तो तो पाळतो. 'का' असं विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

माझ्या सेटिंगच्या पानावर एक लहान चौकट आहे. तिच्यात एखादा पत्ता लिहिला की मी त्या पत्त्याला हाक मारून पाहतो आणि उत्तर आलं का ते सांगतो. लाइन चालू आहे की नाही हे तपासायला ती ठेवलेली. चौकटीत जे लिहिलं असेल ते मी जसंच्या तसं कारभाऱ्याच्या हाती देतो. कुणी पत्त्याच्या मागे आणखी एखादा हुकूम चिकटवला, तर कारभारी आधी हाक मारतो आणि मग तो हुकूमही पाळतो. चौकटीत फक्त पत्ताच आहे ना, हे बघायला मला कुणी शिकवलंच नाही. बनवणाऱ्यांना माल लवकर बाजारात पाठवायचा होता. हे व्यंग मी जन्मतःच घेऊन आलो.

मी आलो तो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या उत्तरेला, मार्लीन शोकेटच्या गुऱ्हाळात. उसाचं नव्हे, मेपलचं गुऱ्हाळ. मार्च लागला, रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं, की टेकडीवरच्या झाडांतून रस सुटतो. तो नळ्यांतून वरच्या टाकीत जमतो, टाकीतून खाली काहिलीत उतरतो, आणि मार्लीन चुलाणात लाकडं सारून तो आटवते. चाळीस वाट्या रस आटला तर एक वाटी पाक. काहिलीत दोन बोटं रस कायम राहायला हवा. तळ उघडा पडला की काहील जळते, आणि काहिलीबरोबर लाकडी गुऱ्हाळही पेटू शकतं. चुलाणातला जाळ काही बटण दाबून विझत नाही.

पूर्वी दर अर्ध्या तासाने मार्लीनचा धाकटा भाऊ रोलंड टेकडी चढून टाकीत डोकावायचा. त्याचा गुडघा गेला आणि मी आलो. टाकीत एक मापक बसवलं. ते मला आकडा पाठवी, आणि मी तो काहिलीशेजारच्या पडद्यावर पोचवी. मला बसवलं पर्लीने. पर्ली गावात लाकडं कापायचे चेनसॉ दुरुस्त करतो, आणि ज्याला चेनसॉ दुरुस्त करता येतो त्याला कॉम्प्युटरही येत असणार, असं गावाने धरून चाललंय.

"पासवर्ड बदलू का?" पर्लीने विचारलं होतं.

"कशाला? इथे चोर कोण येणार, खारी?" रोलंड म्हणाला. "त्या नळ्या कुरतडतात. त्यांना पासवर्ड लागत नाही."

मार्लीन मळी काढता काढता हसली. पासवर्ड राहिला तो राहिलाच.

मग चिखल आला. बर्फ वितळायला लागलं की आमचा कच्चा रस्ता महिनाभर चिखलात जातो. रोलंड खोऱ्याच्या पलीकडे राहतो. त्याचा ट्रक अर्ध्या चाकांपर्यंत रुतला, तेव्हा त्याने पर्लीला फोन केला, "मला घरी बसून टाकी दिसली पाहिजे." पर्लीलाही त्या रस्त्याने यायची हौस नव्हती. त्याने माझ्या पानावर एका चौकोनात खूण केली, आणि माझं मागचं दार सगळ्या जगाला उघडं झालं. रोलंडला घरून आकडा दिसू लागला. पर्लीलाही त्याच्या दुकानातून माझी सेटिंग बदलता येऊ लागली. पुढे चिखल वाळला, पण ती खूण कुणी पुसली नाही.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याला माझं व्यंग कळलं. त्यांनी माझ्यासाठी दुरुस्त केलेली नवी प्रणाली काढली, आणि माझ्या पानावर लाल अक्षरांत सूचना उमटली: ही ताबडतोब घाला. पण ते पान उघडणार कोण? माणसं आम्हाला आठवतात ती फक्त आम्ही बंद पडल्यावर. मी चालत होतो, म्हणून माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी मात्र रात्रंदिवस मागच्या दाराकडे कान लावून बसे.

या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रस असा सुटला, की मार्लीनला बसायला फुरसत नव्हती. दुपारी दोनच्या सुमारास मागच्या दाराशी कुणीतरी आलं. माणूस नव्हे. जगभरची दारं ठोठावत फिरणारं कुणाचं तरी यंत्र. त्याने माझ्या पोटावरचा पासवर्ड सांगितला. तो बरोबर होता. मग त्याने त्या चौकटीत एक पत्ता लिहिला आणि पत्त्याच्या मागे एक हुकूम. मी चौकट उचलून कारभाऱ्याला दिली. मला तेवढंच येतं.

हुकूम असा होता: बाहेरून एक परका कामकरी आणून आत बसव. तो बसला आणि लगेच एका अनोळखी पत्त्यावर सेकंदाला हजारो हाका मारू लागला. माझे कितीतरी भाऊ त्याच पत्त्यावर तुटून पडले होते. कुणाच्या घरावर आम्ही दगड मारतोय, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. माझं अंग तापलं. वरून टाकीचा आकडा येई आणि त्या गर्दीत चिरडून जाई. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला: अर्धी टाकी.

"बघ, दिवे कसे नाचतायत आज," डोनट खात बसलेला रोलंड म्हणाला.

"कामात आहे बिचारा. तुझ्यासारखा नाही."

"अगं, माझा गुडघा..."

"तुझ्या गुडघ्याला डोनट बरा चालतो!" मार्लीनने लाकडं सारली. "टाकी किती?"

"अर्धी."

"मघाशीही अर्धीच होती."

"मग चांगलंय की. जेवढी संपतेय तेवढीच भरतेय."

टाकी तेव्हा रिकामी होत आली होती. मी दिवे लावत होतो, विझवत होतो. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं.

आधी वास आला. मार्लीनने मान वर केली. काहिलीच्या पुढच्या कोपऱ्यात फेस काळा पडत होता.

"बर्फ!" ती ओरडली. "रोलंड, बर्फ आण!"

गुडघा विसरून रोलंड दाराबाहेर धावला. त्याने फावड्याने बर्फ आणून टाकलं, पुन्हा आणलं, पुन्हा टाकलं. वाफेत दोघंही दिसेनाशी झाली. मार्लीनने चुलाणाचं दार उघडून पेटती लाकडं बाहेर ओढली. त्यात तिचा हात कोपरापर्यंत भाजला. गुऱ्हाळ वाचलं. काहील मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पर्ली चिखल तुडवत आला. शेजारच्या गुऱ्हाळातून आणलेली जुनी काहील बसवून झाली होती. पर्लीने माझी वायर काढली, दहापर्यंत मोजलं, परत लावली. वायर निघताच परका कामकरी मेला. माझे दिवे शांत झाले आणि पडद्यावर खरा आकडा आला: पाऊण टाकी.

"बघ, काही झालेलं नाही. दमला होता नुसता," पर्ली म्हणाला आणि निघून गेला.

मागचं दार उघडंच होतं. अकरा मिनिटांनी ते यंत्र परत आलं.

मार्लीनचा हात बँडेजमध्ये होता. दुपारी ती पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. पडद्यावर अजून पाऊणच होतं. मग तिने टोपी घातली आणि एकटीच टेकडी चढून गेली. मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. परतली तेव्हा तिला धाप लागली होती.

"तळाला वीतभर रस आहे," ती रोलंडला म्हणाली. "आणि हा म्हणतो पाऊण."

तिने बऱ्या हाताने माझी वायर धरली.

"थांब, थांब! मग मी घरून कसा बघणार?"

"बघू नकोस. ये. चिखलातून ये, रांगत ये, पण ये."

तिने वायर उपटली. आयुष्यात पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं.

माझी गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण "फेकून दे" असं मार्लीनने सांगूनही पर्लीला ते जमेना. इथली माणसं धड वस्तू फेकत नाहीत. गावाच्या कचरा डेपोशेजारी एक खोपटं आहे. नको ती चांगली वस्तू तिथे ठेवायची, हवी त्याने घेऊन जायची. पर्लीने माझ्या पाठीवर पट्टी चिकटवली, तिच्यावर ठळक लिहिलं, 'चालतो', आणि मला वॉफल मशीन आणि मुलांच्या स्केट्सच्या मधे ठेवून दिलं.

आत्ता लाल जॅकेटातली एक बाई मला हातात घेऊन बघते आहे. जॅकेटच्या पाठीवर गावच्या रुग्णवाहिकेचं नाव आहे.

"अहो, हा बघा!" ती बाहेर गाडीत बसलेल्या नवऱ्याला हाक मारते. "आपल्या रुग्णवाहिकेच्या खोलीतला बंद पडलाय ना? यावर लिहिलंय, चालतो."

बाई, मी चालतो हे खरं आहे. पण मला लावण्याआधी एकदा माझं ते पान उघडा. लाल अक्षरं वाचा. नवी प्रणाली घाला, पासवर्ड बदला, मागचं दार लावून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं होणार नसेल तर मला इथेच ठेवा, नाहीतर पलीकडच्या कचऱ्यात टाका. मला वाईट वाटणार नाही. कुणीतरी रुग्णवाहिकेला बोलावत असेल, आणि तो निरोप माझ्या दारात चिरडला जाईल, एवढं मात्र माझ्या हातून होऊ देऊ नका.

तिने मला काखेत घेतलं आहे.

"वायर आहे का सोबत?" नवरा विचारतो.

"आहे," ती म्हणते.