बांगड्यांची हाक

गिरणीचा भोंगा झाला, नरसय्या डबा घेऊन पळाला, आणि त्याची आई नागम्मा रोजच्यासारखी ओसरीत रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसली. मागून किणकिण आली. सैपाकघराच्या उंबऱ्यात दुर्गा उभी, बांगड्या हलवत.

"काय पायजे?" नागम्मानं मान वळवली नाही.

"आमटीत चिंच घालू का?"

"घाल की."

दूध घालायला आलेली चिमाबाई फिसकन हसली. "सुनंला घुंगरू बांदलंस व्हय गं? शेरडागत वाजतिया."

"सून कुटली? राहायला हाय ती."

आता बघा, राहायला कसली! नरसय्याची लग्नाची बायको ती. बामणाची पोर, दहाव्या वर्षी विधवा झालेली. नरसय्यानं तिच्याशी लग्न केलं आणि तिच्या बापानं जित्या लेकीच्या नावानं आंघोळ केली. इकडं जातीचे पंच बसले. ही पोर सून म्हणून नांदली तर घर वाळीत, मग धाकट्या लेकीला, राजम्माला, कोण करून घेईल? नागम्मानं शब्द दिला, सून मानणार नाही. बाट नको म्हणून राजम्माला मामाकडं धाडलं.

दुर्गा तर येतानाच नवऱ्याच्या घरचं तेलुगू शिकून आलेली, सासूला अत्तम्मा म्हणायचं म्हणून. नागम्मानं उंबऱ्यातच अडवलं. "अत्तम्मा म्हनायचं न्हाय मला. गल्ली ऐकती."

"मग सासूबाई म्हणू?"

"ते बी न्हाय."

"आई?"

"तुजी आई जिती हाय की."

नवऱ्याचं तर नाव घ्यायचं नसतंच. घरात दोन माणसं, आणि हाक मारायला तोंडात शब्द एक नाही. उरल्या बांगड्या.

एकदा मात्र नागम्मानं ऐकलं. भाकरी थापता थापता दुर्गा पोटातल्या जिवाशी बोलत होती, "तुझं बरंय बाबा. तू आजीला खुशाल नानम्मा म्हण. नातवाला कोण अडवतंय?" नागम्मा गुपचूप रहाटाशी येऊन बसली. त्या दिवशी सूत सारखं तुटत होतं.

आठवा महिना लागला. भर दुपारी मल्लय्या पंच राजम्मासाठी सोयरीक घेऊन आला, पाहुणे ओसरीत बसले. गल्लीभर माग खडखडत होते. त्यातून किणकिण आली. नागम्माला ऐकू आली, बरं का. पाहुण्यांसमोर उठायचं कसं? पुन्हा आली, जोरात. तिनं सुपारीचं ताट पुढं सरकवलं. मग आवाज थांबला, आणि तिला बरंच वाटलं.

पाहुणे वाटेला लागल्यावर ती आत गेली. उंबऱ्यावर फुटक्या काचा. पलीकडं दुर्गा रक्तात पडलेली.

"अगं, हाक का न्हाय मारलीस?"

दुर्गेनं डोळे उघडले. "काय म्हणून मारू?"

तेवढंच बोलली. चिमाबाई धावत आली, तिनं पोट चाचपलं आणि पदर तोंडाला लावला. "जरा आदी बोलवायचं हुतंस की गं." पोटातलं गेलं, मागोमाग दुर्गाही गेली.

दारात माणसं जमली. मल्लय्या हळूच म्हणाला, "नागम्मा, भाडेकरीण हुती म्हन. सोयरीक जुळलीय."

नरसय्या गिरणीतून येऊन बायकोच्या उशाशी बसलेला. नागम्मा काचा वेचत होती, एकेक, ओच्यात.

"सून हुती माजी," ती म्हणाली. "मला अत्तम्मा म्हनायची."

नरसय्यानं मान वर केली. खोटं होतं ते, त्याला माहीत होतं.

"सोयरीक मोडंल," मल्लय्या म्हणाला.

"मोडू दे. जितं हाक मारायची चोरी, तितं लेक देऊन काय करू मी?"

आणि ती उंबऱ्यात बसली. आत कुणी बांगड्या हलवतंय का, कान लावून.