मागची सीट नसलेली गाडी

खुशाल रामटेके लाल गाडीखाली शिरून दहा मिनिटं झाली होती, आणि बाहेर फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"अंकल, इतना चेकिंग तो डॉक्टर लोग भी नहीं करते," हिमांशू वाकून म्हणाला.

"डाक्टर लोक किती चेकिंग करते ते मी एकतीस वर्षं पाह्यलं बेटा," गाडीखालून आवाज आला. "टॉर्च धर इकडं."

गोंदियात बालाघाट रोडला हिमांशूचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. पोरगा गोड बोलायचा, पण गोड बोलण्यानं इंजिन सुरू होत नाही हे खुशालला ठाऊक होतं. म्हणून आल्या आल्या त्यानं आधी बोनेटवर तळहात ठेवला होता. बोनेट गार होतं. गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवणारे लोक त्यानं बरेच पाहिले होते. मग सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, टायर नखानं दाबून पाहिले. गाडीखालून निघाल्यावर त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारावर, मडगार्डवर, डिक्कीवर हळूहळू फिरवलं. रंगाखाली पोचे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की चुंबक घसरतं. इथं ते सगळीकडे घट्ट बसलं.

ही त्यानं पाहिलेली तिसरी गाडी. पहिली नागपूरची, पिवळी. तिचा आवाज गल्लीभर आणि जोर गाडीपुरताही नाही. दुसरी रायपूरची, दिसायला अशी की खुशाल दोन मिनिटं नुसता बघतच राहिला. पण पायाखालची मॅट उचलली तर कोपऱ्यात वाळलेला गाळ निघाला. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला काढली होती. खुशालनं मालकाला तसं तोंडावर सांगितलं, आणि मालकानं लाजून त्याला चहा पाजला.

"मागची सीट नाही ना याले?" त्यानं हिमांशूला विचारलं. सकाळपासून हे तिसऱ्यांदा.

"नहीं है अंकल. दोच सीट. ऊपर से छत खुलती है."

"तेच पाहिजे मले," खुशाल म्हणाला.

हे वेड त्याला कशानं लागलं, हे सालेकशात कुणालाच कळत नव्हतं. घरी पांढरी गाडी होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, संघदीपनं, ती घेऊन दिली होती, आणि ती खुशालची कमी न् मोहल्ल्याची जास्त होती. कुणाच्या पोरीला परीक्षेला सोडायचं, कुणाला देवरीला साक्षगंधाला न्यायचं, कुणाचं धान्याचं पोतं आणायचं. पुढच्या सीटवर कुणीतरी मानाचा माणूस, मागे चारजण, आणि त्या चारजणांत अंग चोरून बसलेली अल्का, त्याची बायको. नवऱ्याच्या शेजारी बसायची पाळी तिच्यावर कधी आलीच नाही.

"बाबा, एक गाडी हाये ना घरी," संघदीप फोनवर म्हणाला होता.

"हाये ना. ते कामाची हाये. मले बिनकामाची पाहिजे."

खरी गोष्ट त्यानं मुलाला सांगितली नाही. खुशाल एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवत होता. सालेकशाच्या जंगलपट्टीतून गोंदियापर्यंत. गाडी जोरात पळवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, पण प्रत्येक वेळी मागे कुणीतरी कण्हत असायचं. कुणाची तरी आई त्याच्या पाठीशी रडत असायची. डोळे रस्त्यावर आणि कान मागे, असं एकतीस वर्षं. आणि या माणसाला गाडी जोरात पळवायला मनापासून आवडायचं, हीच पंचाईत होती. आवडतंय याची त्याला लाज वाटायची. रिटायर झाल्यापासून एकच गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली होती. एकदा तरी गाडी भन्नाट पळावी आणि मागे कुणी नसावं.

"अंकल, पाच बजे रायपूरवाली पार्टी आ रही है," हिमांशू चावी देत म्हणाला. "आप आज दिनभर चलाओ, आंटी को दिखाओ. पाच के पहले बता देना बस. सफेद वाली इधरच छोड़ दो."

खुशाल गोंदियाहून सालेकशापर्यंत चाळीसच्या पुढे गेला नाही. नव्या गाडीची ओळख करून घेत, गिअर कुठं अडतो, ब्रेक कुठं लागतो हे पाहत तो आला. दारात गाडी थांबली तशी शेजारची रुख्मा धावत बाहेर आली आणि तिनं सवयीनं मागचं दार शोधायला हात घातला. दार सापडेना.

"काय जी भाऊ, आमी कुठं बसाचं?"

"तू नाही बसाचं," खुशाल म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा शेजारणीला नाही म्हणताना त्याला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

अल्का ठेवणीतलं पातळ नेसून तयार होती. अंगणवाडीत पोरांमागे उठबस करून तिचे गुडघे कुरकुरायचे. ती आधी पाठमोरी बसली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले.

"हे त पाटावर बसल्यावानी हाये," ती म्हणाली. छत मागे सरकलं तेव्हा तिनं पदर कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधला. "चाला."

हिवाळ्याची दुपार होती. धान निघून बांध्या रिकाम्या झाल्या होत्या, कुठं कुठं लाखोळीच्या डाळीच्या पिकाची हिरवी पोपटी पातळ साय दिसत होती. पहिले दोन-तीन किलोमीटर खुशालनं गाडी सावकाश नेली. अल्का इकडं तिकडं पाहत होती. मग तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्याला गाडी चालवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"हे याच्यापेक्षा जोरानं नाही जात का जी?"

खुशालनं पाय दाबला. साठ झाले, ऐंशी झाले. गाडी रस्त्याला चिकटून निघाली. सवयीनं त्यानं आरशात पाहिलं. आरशात फक्त रस्ता होता आणि तो मागे मागे पळत होता. कान मागे गेले, तर तिथं वारा होता, दुसरं काही नाही. खुशालला एकाएकी हसू फुटलं. साठीचा माणूस मोठ्यानं, एकटाच हसत सुटला. अल्कानं डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"भेव लागते का?" त्यानं ओरडून विचारलं.

"नाही. अजून जोरानं," ती म्हणाली.

ते ऐकून खुशालचे डोळे भरून आले. गाडी घ्यायची हे त्यानं तिथंच, त्या क्षणी ठरवलं.

वाटेत पहिलं गाव आलं. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला पाहिलं आणि ट्रॅक्टर थेट मातीत उतरवला. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एका बाईनं पोराला दंडाला धरून मागे ओढलं. पुढच्या गावातही तसंच. एका म्हाताऱ्यानं तर डोक्यावरची टोपी काढून हात जोडले.

"गाडीले लय मान देऊन राहिले लोक," खुशाल खुशीत म्हणाला. अल्कानं डोळे न उघडताच मान हलवली.

आमगावला रेल्वेचं फाटक लागलं होतं. गाडी थांबली, वारा थांबला, आणि तेव्हा कुठं खुशालला खिशातला फोन ऐकू आला. सतरा कॉल येऊन गेले होते. अठरावा संघदीपचा होता.

"बाबा, आई कशी हाये? कोनत्या दवाखान्यात नेऊन राहिले?" मुलगा धावत जिना उतरत बोलत होता. "मी निघालो. तिले ऑक्सिजन लावला का?"

अल्कानं फोन ओढून घेतला.

"अरे, मी बसली हाओ ना गाडीत! मले काय झालं?"

पुण्यातला तो तीस वर्षांचा बाप्या फोनवर लहान पोरासारखा रडायला लागला.

त्याच्यामागोमाग रुख्माचा फोन. ती म्हणाली की अंगणात सतरंजी टाकली आहे, पन्नास माणसं जमली आहेत, अल्काची थोरली बहीण गोरेगावहून निघालीसुद्धा. टपरीवाल्यानं मेहुण्याला कळवलं, मेहुण्यानं ग्रामपंचायतीत. खुशालभाऊ बायकोला घेऊन गोंदियाकडे सुसाट गेले, बाईचे डोळे मिटलेले होते, तोंड बांधलेलं होतं. यात खोटं एक अक्षर नव्हतं. खुशालभाऊची गाडी जोरात गेली याचा त्या रस्त्यावर एकच अर्थ होता, आणि तो लोकांना त्यानंच एकतीस वर्षं शिकवला होता. गाडीचा रंग कुणी पाहिला नव्हता. सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता.

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"मागं फिरवा," अल्का म्हणाली.

"साडेचार झाले. पाच वाजता त्याले सांगाचं हाये."

"लोक रस्त्यावर उभे असतीन. त्याइले दिसू द्या मी हाओ म्हनून."

खुशालनं गाडी बाजूला घेतली आणि हिमांशूला फोन लावला. "त्या रायपूरवाल्याले देऊन टाक बेटा. थोडा उशीर होईन मले, तवापर्यंत त्याले चाय पाज."

"क्यों अंकल? पसंद नहीं आई?"

"आली ना. लय पसंद आली," खुशाल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. अल्कानं कानांवरचा पदर सोडला आणि केस नीट केले.

परतीच्या वाटेवर गाडी वीसच्या पुढे गेली नाही. खरंच माणसं उभी होती. अल्का प्रत्येक गावात हात वर करून दाखवत होती, निवडून आलेल्या सरपंचासारखी. टपरीवाला पोट धरून हसला. टोपी काढणाऱ्या म्हाताऱ्याची म्हातारी मात्र कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"बिना बिमारीचा असा पळवते का कोनी? जीव खाली-वर झाला ना आमचा!"

"चुकलं माय," खुशाल म्हणाला. आणि त्याला मनापासून तसं वाटलं. पण आत कुठंतरी दुखतही होतं. या रस्त्यावर त्याला कुणी मजेत पळू देणार नव्हतं, आणि त्यांचं चुकतही नव्हतं.

शेवटच्या गावाच्या पुढे, एका टोल्याच्या, म्हणजे वाडीच्या, वळणाअलीकडे एक माणूस उभा होता. सायकल स्टँडवर लावलेली, कॅरिअरला कोंड्याचं पोतं. त्यानं हात वर केला नाही. नुसता रस्त्यात दोन पावलं पुढे आला. खुशालनं ब्रेक लावला.

"बाईले बरं हाये?"

"काही झालंच नव्हतं जी. गाडी पाहून राहिलो होतो, घ्यावं का नाही म्हून."

माणूस खुशालकडे पाहत नव्हता, अल्काकडे पाहत होता. "परत येतीन त मालूम पडन म्हटलं. म्हून थांबलो."

"कवापासून?"

"तुमी गेले तवापासून." मग तो म्हणाला, "मी श्यामलाल. माही दुर्गेश्वरी तुमच्याच गाडीत गेली होती. धानाच्या रोवनीत साप डसला होता. तिची माय बसली, मामा बसला, मले जागा नव्हती. तुमी म्हनले होते, इथंच थांबा, परत येतो त सांगतो."

खुशालला आठवलं. पोरगी नऊ-दहा वर्षांची असेल. गोंदियाला पोचायच्या आत संपली होती. आई आणि मामा तिथंच राहिले, आणि रिकामी गाडी घेऊन तो एकटा परत निघाला होता. याच वाटेवर हा माणूस दिसला, दोन्ही हात वर करून धावत येताना. निरोप सांगणं ड्रायव्हरचं काम नव्हे, असं तेव्हा त्यानं स्वतःला बजावलं होतं. त्या दिवशी गाडीत मागे कुणी नव्हतं. आणि त्या दिवशी त्यानं गाडी जन्मात पळवली नव्हती इतक्या जोरात पळवली होती.

तो दार उघडून खाली उतरला. बुटक्या गाडीतून उठायला त्याला दोनदा जोर करावा लागला.

"मी आलो होतो जी," तो म्हणाला. "थांबलो नाही."

"पाह्यलं होतं ना. तवाच समजलं मले," श्यामलाल म्हणाला. आवाजात राग नव्हता.

अल्का दुसऱ्या बाजूनं उतरली. गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाली आणि श्यामलालच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, आणि मान हलवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "जय भीम भाऊ. येतो."

त्यानं स्टँड काढला, पोतं एका हातानं सावरलं आणि तो सायकलवर बसला. त्याचा टोला पुढे, खुशाल ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूला होता. दोघं गाडीत बसली. समोर कोंड्याचं पोतं डुलत डुलत चाललं होतं आणि रस्ता मोकळा होता. खुशालनं पहिला गिअर टाकला, पण त्या सायकलीच्या पुढे जाणं काही त्याच्यानं झालं नाही. टोल्याच्या वळणापर्यंत ती लाल गाडी सायकलीच्या मागं मागं चालत राहिली.