भालचंद्र सरांचा पुतण्या

खामगावात खोली शोधायला लागल्यापासून महामायाला एक गोष्ट कळून चुकली होती. या गावातल्या प्रत्येक घरमालकाला एक पुतण्या असतो आणि तो नेमका आता येणार असतो.

सुरुवात छान व्हायची. या, बसा, चहा घ्या. खोली दाखवली जायची, नळ सोडून दाखवला जायचा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासते म्हटल्यावर तर मालक खूशच, कारण पगारी माणूस भाडं बुडवत नाही. मग हळूच विचारायचे, गाव कोणतं? दुसरबीड. वा वा, दुसरबीडात कोणाकडच्या? वडील काय करतात? घरी देव कोणते? सरळ कोणी काही विचारायचं नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी सगळी तऱ्हा. आणि भांडं एकदाचं दिसलं की कुठून तरी पुतण्या उपटायचा. कोणाचा अकोल्याहून, कोणाचा नागपूरहून, एकाचा तर थेट दुबईहून. हे सगळे खरंच आले असते तर एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या असत्या. दिवसभर माणसांच्या रक्ताचे गट सांगणाऱ्या महामायाला हसू यायचं, की या लोकांना हवा असलेला गट कोणत्याच नळीत दिसत नाही.

हसू यायचं, पण घर मिळायचं नाही. ती भिमाबाई मावशीकडे उतरली होती. मावशी मायेची, पण दोन खोल्यांत भरलेलं घर आणि त्यात सुनेचं तान्हं बाळ. महामायाची पेटी पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडलेली. ती पेटी तिच्या वडिलांची. शंकररावांची गायन पार्टी एकेकाळी मेहकरपासून जालन्यापर्यंत गाजलेली होती. आवाज गेला तेव्हा त्यांनी पेटी लेकीच्या हवाली केली आणि म्हणाले, "बंद नको ठेवू माय. बंद पेटीचे सूर बसतात, मंग ते उठत नाहीत." आणि इथे तर चादरीची गाठच सुटत नव्हती. दिवसेंदिवस पेटी मुकी होऊन चाललीय, या विचारानं तिला झोप लागेना.

म्हणून तिनं शेवटी सरकी गल्ली गाठली.

कापसाची पेठ भरभराटीत होती तेव्हा सरकीचे अडते या गल्लीत बसायचे. वर लाकडी सज्जे, खाली गोदामं. अडते गेले आणि त्यांच्या माड्यांमध्ये कलावंत येऊन राहिले, कारण एवढी उंच छपरं आणि एवढा गोंगाट सहन करणारे शेजारी दुसरीकडे मिळत नव्हते. कोणी तबला शिकवायचं, कोणी पडदे रंगवायचं, कोणी नुसतंच केस वाढवून बसायचं. लहानपणी मावशीकडे आलेल्या महामायानं एकदा इथल्या सज्जात एक बाई भरदुपारी मोठ्यानं गाताना पाहिली होती, आणि कोणी तिला गप्प बस म्हणत नव्हतं. तो सज्जा तिच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

त्याच सज्जाला आज पाटी लटकलेली होती: "खोली भाड्याने देणे आहे. फक्त कलावंतांना." पाटी खालच्या गोदामात राहणाऱ्या निवृत्ती पेंटरनं रंगवलेली होती आणि कोपऱ्यात स्वतःची सही खोलीच्या मजकुरापेक्षा मोठी केली होती.

मालक भालचंद्र सर. निवृत्त शिक्षक आणि गल्लीतल्या नाट्यमंडळाचे लेखक, दिग्दर्शक, नायक, सगळं तेच. स्वतःच्या नाटकात ते समाजसुधारक व्हायचे आणि दुसऱ्या अंकात असं काही "उघडा, ती दारं उघडा!" ओरडायचे की मागच्या रांगेतले लोक दचकून जागे व्हायचे. घरातसुद्धा ते रंगमंचावरचंच मराठी बोलायचे.

"या! आमच्या या वास्तूत जात नाही, पात नाही. कला हीच इथली ओळख!" त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं. "आपली कला?"

"पेटी वाजवते."

"क्या बात है! आणि नाव महामाया! साक्षात देवीचं नाव!"

हे नाव बुद्धांच्या आईचं, हे सांगायची तिला आता घाई नव्हती. सरांनी सज्जाची खोली उघडली. रुंद खिडकी, लाकडी फळ्यांची जमीन, आणि बाहेर तोच सज्जा. देवाधर्माला नवस करायची तिच्या घरची रीत नव्हती, नाहीतर तिनं तिथंच केला असता.

"शिकलात कोणाकडे?"

"वडिलांकडे."

"म्हणजे वडील कीर्तनकार?"

"नाही. दुसरबीडात गायन पार्टी होती त्यांची."

"अच्छा, भजनी मंडळ. उत्तम! आणा एकदा पेटी, काहीतरी तुमचं घरचं ऐकवा. दुसरबीडात घर कोणत्या बाजूला म्हणालात?"

महामायानं तोपर्यंत बाजूचं काहीच म्हटलेलं नव्हतं. आजवर तिनं या प्रश्नावर नाना वळणं घेतली होती. पण या खोलीत खोटं बोलून राहायचं तिच्या जिवावर आलं.

"विहाराच्या मागं," ती म्हणाली.

सरांचा हात दाराच्या कडीवर होता तिथंच राहिला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, जणू तिथून कोणी वाक्य पुरवणार होतं. आणि नाटकाचं मराठी पार गळून पडलं.

"खोली तं देली असती बाई," ते म्हणाले, "पण आता आठवलं. माहा पुतण्या येऊन राह्यला पुण्याहून."

आला! महामायाला वाटलं, बरेच दिवस ओळखीचा असलेला माणूस शेवटी भेटला. एरवी ती अशा वेळी चप्पल घालून निघायची. पण आज समोर सज्जा होता, पलंगाखाली पेटी होती, आणि तिला भयंकर राग आला होता. राग आला की ती फार गोड बोलायची.

"काही हरकत नाही सर. ते येईपर्यंत राहते. ते आले की त्याच दिवशी खोली रिकामी. माझा शब्द."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी प्रतिमाकाकू हात पुसत आल्या. नवऱ्याबरोबर उभा जन्म काढलेला असल्यामुळे त्याची कोणती वाक्यं नाटकातली आणि कोणती घाबरून निघालेली, हे त्यांना पाठ होतं.

"आल्हाद?" काकू म्हणाल्या. "त्याले दिवाळीले बोलावलं तं आला नाही तो. कायले येते आता? घे पोरी, किल्ली घे."

"मी साक्षीदार!" जिन्यातून निवृत्ती पेंटर ओरडला. त्याचं कान देणं नेहमीचंच होतं. "पुतण्या आला की मॅडम जाणार. ठरलं!"

जातपात न मानणाऱ्या माणसाला एवढ्या साक्षीदारांसमोर आणखी काय बोलता येणार होतं? आपल्याच जाळ्यात आपलेच पाय अडकलेले सर नुसतं "हो हो" म्हणाले.

अशी महामाया सरकी गल्लीत राहायला आली. पेटी सज्जात आली, आणि पहिले काही दिवस खोकत खोकत का होईना, बोलायला लागली. संध्याकाळी तिचं वाजवणं सुरू झालं की समोरचा तबलेवाला आपल्या खिडकीतून ठेका धरायचा. ती सगळं वाजवायची. फक्त घरचं गाणं तेवढं तिनं ठेवून दिलं होतं. ज्यानं ते मागितलं होतं त्यानं पुन्हा मागितलं नव्हतं.

भाडं द्यायला खाली गेली की ती न चुकता विचारायची, "सर, पुतण्याची काही खबर?"

"येईन, येईन. पुढच्या महिन्यात."

हळूहळू गल्लीलाच तो नाद लागला. दूधवाला विचारायचा, तबलेवाला विचारायचा. कधी न पाहिलेला आल्हाद गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा झाला. निवृत्तीनं तर एका रविवारी काम नव्हतं म्हणून पाटीच रंगवून ठेवली: "पुतण्या आल्हादजी यांचे सहर्ष स्वागत." खाली मोठी सही.

मग नाट्यमंडळाचा पेटीवाला लग्नसराईत बँडबरोबर निघून गेला, तेव्हा सर जिना चढून वर आले, बराच वेळ खिडकीची लाकडं किती मजबूत आहेत ते सांगत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तालमीले येता का?" महामाया गेली. नाटक स्पर्धेत आपटलं ते आपटलंच, परीक्षकांनी संगीताचं तेवढं नाव काढलं. त्यानंतर काकूंच्या घरची भाजी रोज वर यायला लागली, आणि सर तिला बाई सोडून पोरी म्हणायला लागले. एका महिन्यात भाडं देताना पुतण्याचं विचारायचं महामाया चक्क विसरली.

आणि नेमका पुतण्या आला.

खराखुरा. पाठीवर बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा. गल्लीच्या तोंडाशी त्यानं निवृत्तीलाच विचारलं, "एक्सक्यूज मी, भालचंद्रकाका इथेच राहतात ना? मी आल्हाद."

निवृत्तीचा ब्रश डब्यात पडला. "पुतण्या आला रे!" तो असा ओरडला की तबला थांबला. पाटी निघाली, दारावर चढली. त्या बिचाऱ्या पोराला पुण्यात कोणी वळून पाहत नव्हतं. इथे अख्खी गल्ली सज्जांत उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता.

महामाया दवाखान्यातून आली तेव्हा तिनं पाटी वाचली. वर गेली आणि पलंगावरची चादर ओढून पेटीला गुंडाळायला लागली. तिला फार वाईट वाटलं. आणि इतकं वाईट वाटतंय याचा रागही आला, कारण हे आपलं घर नाही हे विसरायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सर धापा टाकत जिना चढले. मागून काकू, काकूंच्या मागून आल्हाद, त्याच्या मागून निवृत्ती.

"काऊन बांधून राह्यली? तो लग्नाची पत्रिका द्याले आला! दोन दिवसांत जाते!"

"शब्द दिला होता सर. पुतण्या आला की त्याच दिवशी."

"पण हा तो पुतण्या नोहे!"

"काका?" आल्हाद दचकला.

"तू गप बे! तो पुतण्या अलग होता. म्हणजे... तो नव्हताच. कोणीच येऊन नव्हतं राह्यलं."

महामायाचे हात गाठीवर थांबले. "मग काय होतं, सर?"

उत्तर जिन्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी पुन्हा छताकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"तू विहार म्हणाली," ते हळू म्हणाले. "अन् माह्या तोंडातून पुतण्या निघाला. मलेच समजलं नाही, कसा निघाला तो. मंग समजलं. तवापासून तू विचारलं का मले जमिनीत गाडून घ्यावं वाटे. चुकलो पोरी. जाऊ नको."

हे वाक्य त्यांच्या कोणत्याच नाटकात नव्हतं आणि त्यांनी ते ओरडून म्हटलं नाही. महामायाचे डोळे भरून आले. इतक्या घरांच्या इतक्या पुतण्यांनंतर एका माणसानं भांडं न लपवता ताक मागितलं होतं.

तिनं गाठ सोडली.

"म्हणजे मी राहू की जाऊ?" आल्हादनं विचारलं.

"खाली जेवायले बस," काकू म्हणाल्या. "अन् निवृत्ती, ती पाटी काढ आधी."

"राहू द्या ना, सही चांगली आली तिच्यावर," निवृत्ती म्हणाला.

महामायानं पेटी सज्जात ओढली, भाता उघडला. "बसा सर. घरचं ऐकायचं राहून गेलं होतं तुमचं."

सर लाकडी फळ्यांवर मांडी घालून बसले. तिनं शंकररावांच्या पार्टीचं पहिलं गाणं लावलं, जे विहारासमोर मांडव पडला की ते आधी म्हणायचे. समोरच्या खिडकीतून ठेका आला. भालचंद्र सरांनी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते कोणाकडचं आहे हे मधे एकदाही विचारलं नाही.