डाव्या अंगाचा भोंगा

रेडिओ एक, भोंगे दोन, सुकी बॅटरी एक, तार चाळीस हात आणि चावडीपुढे बसलेली माणसं, पोरंसोरं धरून, शंभराच्या थोडी वर. मनसारामने सवयीने सगळं मोजून घेतलं. बी.एस्सी. होऊन नागपूरहून परतल्यापासून चांदा जिल्ह्यातल्या गावोगावचे पंचायतीचे रेडिओ दुरुस्त करत फिरणं हेच त्याचं काम होतं.

दुसरा भोंगा मागितला होता कुंताबाईने. सिंदेवाहीच्या बाजारात मासे विकायला आली की ती त्याला हमखास गाठायची. "बापू, दुसरा भोंगा कवा आणून राह्यला?" मागे बसणाऱ्यांना ऐकू येत नसेल, असं समजून त्याने आणला. पण आज तो मागच्या कडुलिंबाकडे निघाला, तर तिने तार धरली.

"तिकडं नाई. इथी बांध, डाव्या अंगाले."

"काऊन, मावशी?"

"दंडारीत झीलकरी डाव्या अंगालेच उभा राह्यते ना. माहा चैतू झीलकरी होता."

मनसारामचे हात थांबले. गावची दंडार, म्हणजे नाचगाण्याची मंडळी, मागल्या वर्षी नागपूरच्या रेडिओवर गाऊन आली होती. लटारू शाहीर गाणं म्हणायचा आणि चैतू मागून ध्रुपद उचलायचा. पौषात चैतू तापाने गेला. तेव्हा भरून ठेवलेलं तेच गाणं आज पुन्हा लागणार होतं. त्यानंतर कधी लागेल, कोण सांगणार? दंडारीत झीलकऱ्याची आई त्याच्याच अंगाला बसते. तिथून पोराचा गळा निराळा ऐकू येतो.

"मागच्या टायमाले एकाच भोंग्यात दोघं कोंबले," कुंताबाई म्हणाली. "लटारूखाली माहा पोरगा दबला. आता दोन हायेत."

"उजवा उकिरड्यावर नेऊन टांग, मनसाराम," लटारू म्हणाला. "माहा फाटका गळा गाव रोजच आयकते."

माणसं हसली. मनसारामला हसता आलं नाही.

"मावशी, नागपूरले यांच्यापुढं माईक एकच होता. दोघांचे आवाज तिथीच एक झाले. तलावाचं तुडूम उघडलं की पाणी एकच सुटते ना? पुढं पाट दोन काढले म्हणून का पाणी दोन होते?"

"पाणी एकच, हे मले कळते," ती म्हणाली. "पण मासा पाण्यातून वेगळा निघते का नाई? तू शिकलेला. त्याले जाळं कोणतं लागते, तेवढं सांग."

जाळं त्याला ठाऊक होतं. दोन माईक लावायचे आणि दोन्ही आवाज शेवटपर्यंत निराळे न्यायचे. परदेशात तसे प्रयोग चालल्याचं त्याने कॉलेजात वाचलं होतं. पण जाळं टाकायचं ते गाण्याच्या दिवशी. तो दिवस गेला होता. त्याने भोंगा डाव्या अंगाला बांधला.

गाणं लागलं. कुंताबाई भोंग्याला कान लावून बसली. मनसारामने आवाजाचा पोत बदलायचं बटण फिरवून पाहिलं. लटारू बारीक झाला, त्याच्याबरोबर चैतूही बारीक झाला. तेवढ्यात खरा लटारू उठला. खांद्यावरची घोंगडी त्याने उजव्या भोंग्यात कोंबली आणि तो कुंताबाईपाशी येऊन उभा राहिला. डाव्या भोंग्यातून त्याचाच गळा गर्जत होता.

"लटारू, जरासा चूप बस ना रे," कुंताबाई भोंग्याला म्हणाली.

बाजूला उभ्या लटारूने मान खाली घातली.

गाणं संपलं. धानाचे बाजारभाव सुरू झाले. माणसं धोतरं झटकत उठू लागली.

"याच्यात काई बिघाड असंल, बापू," कुंताबाई म्हणाली. "पाहून घे. उजव्यापेक्षा याले कमी येत असंल."

मनसारामने पेटीतून मीटर काढलं. उजव्या भोंग्यातली घोंगडी काढून लटारूने कंदील धरला. भाव सांगणाऱ्याच्या प्रत्येक शब्दासरशी काटा चढायचा, उतरायचा. मनसारामने उजव्या भोंग्यावर काटा कुठवर चढतो ते पाहिलं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या.

उजवा, सव्वा व्होल्ट. डावा, सव्वा व्होल्ट.